दहा मिनिटं

जोतीरामनं पांघरूण ओढलं आणि घडी न घालताच दाराबाहेर फेकलं.

"साडेधा वाजले. ऊठ."

मोना उठली नाही. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन तशीच पडून राहिली. पांघरूण गेल्याचं तिला कळलं असावं, कारण तिनं गाउन पायांवर ओढून घेतला. एवढंच.

"कॉलेजातनं दुसरं पत्र आलंय. हजेरी भरत न्हाय म्हणून. काय सांगू त्यास्नी?"

"काय पण सांगा."

"काय पण म्हंजे?"

तिनं उशीत तोंड खुपसलं. हेच त्याला सहन होत नसे. ती उलट बोलली असती, रडली असती, दार आपटून गेली असती, तर भांडता आलं असतं. जोतीराम अठरा वर्षं एसटी चालवत होता, त्यातली नऊ कोल्हापूर-गडहिंग्लज मार्गावर. इंजिन तापलं की त्याला वासावरून कळे, टायर बसला की स्टेअरिंगवरून. इथं मात्र सतरा वर्षांची धडधाकट पोरगी दिवसभर पडून होती आणि काय बिघडलंय ते तिलाही सांगता येत नव्हतं.

दहावीला तिला शहाऐंशी टक्के पडले तेव्हा शिवाजी पेठेतल्या त्यांच्या बोळात त्यानं घरोघरी पेढे वाटले होते. अकरावीही नीट गेली. बारावीच्या दिवाळीनंतर ती आधी मैत्रिणींकडे जायची थांबली, मग कॉलेजला, मग जेवायला. तिची आई शालन हिनं शुक्रवार धरले. बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी रक्तवाढीचं औषध दिलं. गडहिंग्लजहून जोतीरामची थोरली बहीण आक्का आली, तिनं दृष्ट काढली आणि जाताना म्हणाली, "लगीन ठरवा. आपसूक सरळ हुईल."

जोतीराम एकदा तिला रंकाळ्यावर घेऊन गेला. भेळ घेतली. मोना कागद हातात धरून पाण्याकडे बघत बसली. चुरमुरे पार मऊ पडले. शेवटी वैतागून त्यानं तिचीही भेळ खाल्ली आणि तिला घेऊन घरी आला.

पांघरूण फेकलं त्या दिवशी कागलच्या स्टँडवर चहा घेताना त्यानं हे सगळं कृष्णातला सांगितलं. कृष्णात त्याच्या गाडीवर कंडक्टर होता.

"नुस्तं लाड झाल्यात," जोतीराम म्हणाला. "दुसरं काय न्हाय."

कृष्णातनं बशीतला चहा संपवला.

"माझ्या मेव्हणीच्या पोरीचं असंच झालतं. आम्ही पण असंच म्हणत हुतो." तो म्हणाला, "राजारामपुरीत एक डॉक्टरीणबाई हायत. मनाच्या."

"माझी पोरगी याडी न्हाय."

"ती पण नव्हती की."

कृष्णातनं गाडीत चढून घंटी मारली. गडहिंग्लज येईपर्यंत जोतीरामनं तो विषय काढला नाही. परत येताना मात्र त्यानं पत्ता मागून घेतला.

दवाखान्यात पहिली पाच मिनिटं तोच बोलत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि शालनला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासानं दोघांना आत बोलावलं, तेव्हा मोनाच्या हातात रुमाल होता आणि तिचे डोळे सुजले होते.

"हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "आळस नाही, नाटक नाही. या वयात होतो, आणि बराही होतो. गोळ्या देते. पण तीन-चार आठवडे तरी फरक दिसणार नाही." त्यांनी मोनाकडे पाहिलं. मोनानं मान डोलावली. "तिला विचारूनच सांगते. तिच्या मनात जगणं नको असे विचार येतात."

शालननं टेबलाची कड धरली.

"कधीपासनं?" जोतीरामनं विचारलं.

"डिसेंबरपासून."

डिसेंबरपासून रोज सकाळी तो तिला आळशी म्हणत होता.

"घरातली औषधं, विषारी काही असेल ते कुलपात ठेवा. तिला एकटी ठेवू नका. आणि तुम्ही रोज दहा मिनिटं तिच्याजवळ बसा."

"बसून काय करू?"

"काही नाही. उपदेश नको, प्रश्न नकोत. बसायचं."

"नुस्तं?"

"नुसतं."

घरी आल्या आल्या त्यानं फळीवरचा औषधांचा सगळा पसारा खाली काढला आणि पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली दोऱ्यात ओवून जानव्यासारखी गळ्यात घातली. ते काम होतं, म्हणून जमलं. बसणं जमेना. रोज सात-आठ तास तो बसूनच असे, पण हातात स्टेअरिंग असे. पहिल्या दिवशी तो तीन मिनिटांत उठला. दुसऱ्या दिवशी घड्याळ बघत बसला. बारावीची परीक्षा, शेजारी लोक काय विचारतात ते, सगळं जिभेवर यायचं आणि तो गिळायचा. बाहेर येऊन शालनवर चिडायचा.

"भिताडाजवळ बसल्यागत वाटतंय. कशापायी बसू?"

"बसा म्हटलंय न्हवं त्यांनी. बसा."

तीन आठवडे गेले. मोना सकाळचा चहा उठून बसून पिऊ लागली. बाकी काही नाही. परीक्षा सुरू झाली आणि तिच्याविना संपली. दुसऱ्या खेपेला बाईंनी गोळी वाढवून दिली, तेव्हा त्याचा आवाज चढला.

"आणि किती दिवस, बाई?"

"आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

खोटं तरी सांगायचं, असं त्याला वाटलं.

एका रविवारी त्याला सुट्टी होती. दुपारी जेवून तो मोनाच्या पायथ्याशी येऊन बसला. ती भिंतीकडे तोंड करून होती. काही बोलायचं नाही, तर निदान हाताला चाळा म्हणून त्यानं खिशातलं नेलकटर काढलं, स्वतःचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याचं नख काढलं. मग दुसरं. नखं टणक होती. कटकन आवाज करून उडत होती.

"आण्णा."

त्याला वाटलं, भास झाला.

"माझ्या गादीवर नखं नका काढू की. शी. घाण नुस्ती."

ती कोपरावर उठली होती. केस एका बाजूला चपटे झाले होते आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? तिकडं बघा, उशीपतुर उडाल्यात."

जोतीराम खाली गुडघ्यावर बसला आणि चादरीवरून हात फिरवू लागला. एकेक नख उचलून त्यानं तळहातावर घेतलं. मोना वरून बघत होती.

"अजून एक हाय. त्या घडीत."

त्यानं तेही उचललं.

"आणि इथं परत काढू नका. कवाच."

"न्हाय काढत."

ती पुन्हा आडवी झाली. या वेळी उताणी. छताकडे बघत तिनं वैतागून श्वास सोडला. जोतीराम आवाज न करता उठला, दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात आला. शालन शेंगा फोडत बसली होती. त्याचा चेहरा पाहून तिच्या हातातली शेंग खाली पडली.

"काय झालं?"

"वराडली."

"कुणावर?"

"माझ्यावर. गादीवर नखं काढली म्हणून." त्यानं नखांची मूठ आणखी घट्ट आवळली. "शी म्हणाली मला."

शालननं शेंगा बाजूला सारल्या.

"कशी म्हणाली? तशीच म्हणून दावा."

त्यानं म्हणून दाखवलं. जमलं नाही, म्हणून परत दाखवलं. शालननं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की काय, ते त्याला कळेना. थोड्या वेळानं तिनं शेंगांच्या टरफलांचा कागद त्याच्यापुढे सरकवला, आणि त्याची मूठ उघडत नाही असं पाहून ती स्वतःच एकेक बोट सोडवू लागली.