कानसेनचा शेरा

कानसेनला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतःही ते आधीच सांगून टाके, आणि असं सांगे की समोरच्याला वाटावं, वाजवणं हे जरा हलकंच काम असणार. पोटापाण्यासाठी तो चष्म्याच्या काचा घासत असे. एका जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, सव्वीस वर्षं तो गोल काचा फ्रेमच्या मापाला घासून बसवत आला होता. संध्याकाळी घरी आला की मात्र तो परीक्षक होई. त्याचा दरारा असा होता, की ज्यांनी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं ती माणसंसुद्धा त्याचा शेरा उघडण्याआधी घोटभर पाणी पीत.

तो ज्या मंडळाचा परीक्षक होता ते इंटरनेटवर भरत असे. जुन्या व्हिडिओ गेममधल्या चाली घ्यायच्या आणि हौसेने त्यांची नवी मांडणी करायची, एवढाच त्या मंडळाचा उद्योग. कोणी चार सुरांच्या टिवटिवीमागे व्हायोलिनांचा ताफा उभा करी, कोणी राक्षसाशी लढतानाच्या चालीची अंगाई करी. आलेली मांडणी तीन परीक्षक ऐकत आणि दोघांनी हो म्हटलं तर ती मंडळाच्या पानावर लागे. बक्षीस वगैरे काही नव्हतं. तरी त्या पानावर लागावं म्हणून शहाणीसुरती माणसं वर्ष वर्ष खपत. नियम एकच कडक होता: चालीचं काय वाटेल ते करा, पण ती ओळखू आली पाहिजे.

कानसेन हे नाव त्याला मंडळानेच दिलं होतं. तानसेन नाही तर नाही, कानसेन तरी, असं कोणीतरी थट्टेने म्हणालं आणि ते चिकटलं. त्याला ते मनातून फार आवडायचं. मांडणी ऐकायची त्याची पद्धत ठरलेली होती. एकदा हेडफोन लावून डोळे मिटून, एकदा मूळ चालीशेजारी ठेवून, आणि एकदा स्वयंपाकघरातल्या स्वस्तातल्या स्पीकरवर, कारण जी मांडणी भांड्यांच्या आवाजात टिकत नाही ती कुठेच टिकत नाही, असं त्याचं मत होतं. बायको या सगळ्याला टिवटिव म्हणे. तिने आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळला नव्हता आणि खेळायची इच्छाही नव्हती.

दुसरे दोन परीक्षक म्हणजे एक दातांची डॉक्टरीण आणि एक तरुण अनुवादक, ज्याला सगळे धाकटा म्हणत. वयाने मोठा म्हणून पहिला शेरा कानसेनने लिहायचा, असा रिवाज पडला होता. मग डॉक्टरीण आणि धाकटा यांनी मम म्हणायचं. म्हणजे तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कानसेनने नाही म्हटल्यावर हो म्हणायचं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा, आणि डॉक्टरीणबाई दिवसभर जबड्यांतच हात घालून दमलेल्या असत.

अशात एक मांडणी आली. पाठवणारीने पाणकोंबडी असं टोपणनाव घेतलं होतं. एरवी ती टपालाची छाननी करते, एवढंच तिने स्वतःबद्दल लिहिलं होतं. गेम जुना होता. त्यात एक पाणबुड्या तळाशी जातो आणि हवा संपायच्या आत त्याला वर यायचं असतं. तो वर येताना नऊ सुरांची एक चाल वाजते: आठ सूर पायरी पायरीने चढतात आणि नववा एकदम खाली येतो. पाणकोंबडीची ही पहिलीच मांडणी होती. सोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं की अकरा महिने लागले, आणि मूळ चाल एका काचेच्या घंटीवर अगदी वरच्या पट्टीत वाजवली आहे.

कानसेनने तीनदा ऐकलं. तळाशी संथ, जाड सूर होते, पाण्यासारखे सरकणारे. ते सुरेख होते, त्याने तसं लिहिलंही. पण चाल कुठे होती? त्याने पुन्हा ऐकलं. मग शेरा लिहिला: ‘पाणी उत्तम. पाणबुड्या गायब. मूळ चाल नाही. नापसंत.’ दोघांनी मम म्हटलं.

मंडळात उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. नापसंत झालेली मांडणी सुधारून एकदाच परत पाठवता येई. दुसऱ्यांदाही नापसंत झाली की ती कायमची बाद. पाणकोंबडीने तीन आठवड्यांनी परत पाठवली. या वेळी घंटीचा आवाज वाढवला होता आणि चिठ्ठीत नेमकी वेळ दिली होती: एक मिनिट बारा सेकंदांपासून चाल सुरू होते.

कानसेनने एक मिनिट बारा सेकंदांवर नेऊन ऐकलं. पाणी होतं. पाण्यावर काहीही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर लावलं. बायको तिथे चादरींच्या घड्या घालत होती. पाणीच. आता त्याला राग आला. चूक करणारे त्याला चालत, पण न केलेलं केलं म्हणून सांगणारे त्याच्या डोक्यात जात. दुकानातही अशी माणसं येत. नंबर वाढल्याचं कळू नये म्हणून तक्त्यावरची अक्षरं पाठ करून घडाघडा म्हणून दाखवत, आणि मग चष्मा लागत नाही म्हणून भांडायला उभी राहत. त्याने लिहिलं: ‘घड्याळ दाखवल्याने चाल ऐकू येत नाही. न केलेल्या कामाची वर्णनं वाचायला आम्ही बसलेलो नाही. नापसंत.’ पाठोपाठ दोन मम आले आणि मांडणी बाद झाली. पाणकोंबडीने मंडळातून आपलं नाव काढून घेतल्याचं दुसऱ्या दिवशी दिसलं. एक खोटारडी गेली, असं म्हणून तो कामाला गेला.

दोन दिवसांनी बायको फडताळ पुसत गुणगुणत होती. तो वर्तमानपत्र वाचत होता. आठ सूर चढले आणि नववा एकदम खाली आला. ती पुढचं फडताळ पुसायला लागली आणि पुन्हा आठ सूर चढले.

त्याने विचारलं, ही चाल तुला कुठून माहीत?

“अहो, तुम्हीच नाही का रविवारी लावली होती? ती बारीक घंटी. तेवढीच बरी होती त्यात. बाकी नुसतं घूं घूं.”

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठून ती मांडणी लावली आणि तिला म्हणाला, घंटी वाजली की बोट वर कर. एक मिनिट बारा सेकंदांवर बायकोने बोट वर केलं. ते तिने वरच ठेवलं, कारण घंटी वाजतच होती. फडक्याचं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं आणि नवरा आपल्या बोटाकडे असं का बघतोय हे तिला कळेना. त्याला मांडणीतलं नुसतं पाणीच ऐकू येत होतं.

कानाच्या डॉक्टरने त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि सूर ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. कानसेनने मोठ्या ऐटीत बटण दाबायला सुरुवात केली. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. त्याला वाटलं, यंत्र बंद पडलं. बाहेर आल्यावर डॉक्टरने आलेख पुढे ठेवला. रेघ बराच वेळ सरळ जात होती आणि मग उतरंडीला लागून थेट खाली गेली होती. वरचे सूर जवळजवळ गेले होते, आणि ते काही आजकालचं नव्हतं, निदान पाच-सहा वर्षांचं होतं. बोलणं नीट ऐकू येण्यासाठी यंत्र मिळेल, पण वरचं काही परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. काम काय करता, असंही त्याने विचारलं.

काच घासायचं यंत्र दिवसभर किंचाळतं. मालकांनी कानात घालायला बोळे दिले होते. ते कानसेनच्या खणात पाकिटासकट पडून होते. लग्नाच्या मिरवणुकीतल्या बँडजवळून जाताना तो कानांवर हात ठेवी, मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्यांना चार शब्द सुनावी, पण यंत्राचा आवाज त्याच्या लेखी आवाजच नव्हता. त्यात चाल नव्हती.

घरी आल्यावर त्याने आपले गेल्या सहा वर्षांतले शेरे काढून वाचले. ‘वरचं अंग मंद आहे’, ‘वर उजेड कमी पडतो’, ‘वरचे सूर वाढवा’. निम्म्या शेऱ्यांत हेच. आणि लोकांनी बिचाऱ्यांनी वाढवले होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण इतरांना किती वेळा ऐकवलं, ते त्याला आठवलं. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्याही खाली भीती होती: कान काढून घेतला तर आपल्यात उरतं काय? दुकानातल्या यंत्रापाशी बसणारा एक माणूस, ज्याला वाजवता येत नाही.

गप्प बसणं सोपं होतं. कोणाला कळलं नव्हतं, बायकोलाही पुरतं नाही. पण मंडळाच्या नियमांत सातवा नियम होता, जो आजवर कोणी वापरला नव्हता: बाद झालेली मांडणी पुन्हा उघडायची तर परीक्षकाने आपली चूक झाली असं त्या मांडणीखालीच लिहायचं, आणि चूक कोणती तेही लिहायचं. नुसतं ‘फेरविचार’ म्हणून भागत नाही. तो नियम सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच घालायला लावला होता, दुसऱ्या एका परीक्षकाला अद्दल घडावी म्हणून.

चार दिवस त्याने काढले. पाचव्या दिवशी लिहिलं: ‘या मांडणीत मूळ चाल पहिल्यापासून आहे. ती मला ऐकू येत नाही, कारण मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. मी पाणकोंबडीला खोटारडी ठरवलं. ती खोटी नव्हती. या मांडणीवर मत द्यायला मी नालायक आहे. दुसऱ्या दोघांनी माझ्याकडे न बघता ऐकावं. माझं नाव परीक्षकांतून काढावं.’

सगळ्यात आधी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, “मला घंटी ऐकू आली होती हो. दोन्ही वेळा. पण तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला वाटलं मलाच भास होतोय.”

धाकट्याने पत्रात लिहिलं की मंडळाच्या मांडण्या अलीकडे कानात सुई घातल्यासारख्या लागतात, पण तीच आपली शैली असेल असं समजून तो स्वतःही तसंच करायला लागला होता. कानसेनने ते पत्र दोनदा वाचलं. त्याला हसू आलं आणि ते फार वेळ टिकलं नाही.

पाणकोंबडीची मांडणी दोन होकारांनी पानावर लागली. खाली लोकांनी घंटीचं कौतुक केलं. कानसेनने ते सगळं वाचलं. जेवण कसं झालं होतं ते उपाशी माणसाने दुसऱ्यांकडून ऐकावं, तसं त्याने वाचलं.

महिन्याने पाणकोंबडीचं पत्र आलं, थेट त्याच्या नावावर. रागाचा एक शब्द नव्हता. तिने लिहिलं होतं की तुमचा दुसरा शेरा वाचून मी दोन रात्री रडले आणि वाद्य विकायला काढलं होतं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. आणि सोबत एक मांडणी पाठवते आहे, ती मंडळासाठी नाही. त्यात घंटी काढून चाल खालच्या पट्टीत घेतली आहे, तुम्हाला ऐकू येईल अशी. तुमच्या एकट्यासाठी केली आहे. कशी वाटली ते कळवा.

त्याने हेडफोन लावले. पाणी आलं, तेच संथ, जाड पाणी. आणि एक मिनिट बारा सेकंदांवर चाल आली. त्याला ती स्वच्छ ऐकू आली. आठ सूर चढले, नववा खाली आला. कोणीतरी फक्त आपल्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत, असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

ते पुसून त्याने पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा.

मग तो उत्तर लिहायला बसला. आभार मानायचे आणि सोडून द्यायचं, हे सरळ होतं. दोन ओळी आभाराच्या त्याने लिहिल्याही. पण तिने कशी वाटली असं विचारलं होतं, आणि आता खोटं लिहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याने लिहिलं:

‘चाल पाण्यात बुडाली आहे. तळातले सूर आणि चाल एकाच पातळीवर आल्यामुळे पाणबुड्याला वर जायचं काही कारणच उरत नाही. ती त्याच्या हाताला लागता कामा नये. ती वरच हवी, त्याच्या पोहोचेच्या पलीकडे. ही नापसंत. घंटीची पहिलीच बरोबर होती, तिला हात लावू नका.’