नफिसा इंजिन वर्क्स, मर्यादित

नसरुद्दीन परकार सकाळपासून कचेरीच्या पायऱ्या चारदा चढला होता आणि तीनदा उतरला होता. आज गुरुवार. बाराला कचेरी बंद, उद्या जुम्मा, आणि शनिवारी नोंद नसलेल्या दुकानांना कुलूप, त्याच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानालाही. साल चौसष्ट. दोहा शहरात कायदा नवा होता: परक्याने धंदा करायचा तर निम्म्याहून जास्त हिस्सा इथल्या माणसाचा हवा.

माणूस मिळाला होता, तोही लाखात एक. उम्म सलाल मोहम्मद गावचा अबू जासिम, म्हणजे जासिमचा बाप. सगळे त्याला याच नावाने ओळखत. त्याच्या मळ्यावरचा पाण्याचा पंप नसरुद्दीन नऊ वर्षं दुरुस्त करत आला होता. "कंपनी मर्यादित करू," हेही अबू जासिमनेच सुचवलं. धंदा बुडालाच तर कंपनी बुडेल, नसरुद्दीनचं बाणकोटचं घर नाही. इतकं सगळं जुळून आलेलं, आणि हा बाबा येईना.

आला तो साडेदहाला. कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली, काढलेलं पेन खिशात ठेवलं आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

घोडं पेंड कुठे खातंय ते नसरुद्दीनला कळेना. त्याने कागद अबूबकरमामूंपुढे धरला. मामू या कचेरीत कारकून होते आणि गावचेच असल्यामुळे तोंडाने मोकळे.

"हिस्से बरोबर हायत," मामू म्हणाले. "पण नाव काय घातलंस हे? नफिसा इंजिन वर्क्स?"

"बायकोचं हाय. कबूल केलंय मी तिला."

"मेल्या, हितं बायकामाणसांचं नाव चारचौघांत कोणी घेत नाय. आईचंपण नाय. त्याने सही केलीन, तर रोज सगळा बाजार तुझ्या बायकोचं नाव घेणार, नि तेपण त्याच्या सहीने."

नसरुद्दीनला आधी रागच आला. बाणकोटच्या खाडीत बायकांच्या नावाची गलबतं थोडी का होती? त्याच्या बापाचं 'तय्यबा' होतं, आईच्या नावाचं. ते खाडीत शिरलं की धक्क्यावरची पोरं त्या नावाने ओरडत, आणि आई चुलीपाशी बसून हसे. यात अब्रू जाण्यासारखं काय होतं? आणि नफिसाने अकरा वर्षं एकटीने घर ओढलेलं. सासऱ्याला शेवटचं पाणी तिने पाजलं, त्याने इथे नुसती तार वाचली. तिचं नाव घ्यायचं नाही, तर कोणाचं घ्यायचं?

अकरा वाजून गेले. तो गाडीपाशी गेला, परत फिरला, पुन्हा गेला.

"नाव खोडलं तर मी घरी काय सांगू?" त्याने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

अबू जासिम त्याच्याकडे बघेना. "नऊ वर्षं तुझ्या हातची मासळी खाल्ली मी. तुझ्या घरात कोण आहे, हे कधी विचारलं?"

"नाही."

"मग आज ते नाव माझ्या हातात का दिलंस?"

आवाजात राग नव्हता. लाज होती, आणि तीही नसरुद्दीनसाठी वाटणारी. हे कळल्यावर त्याचा राग ओसरला, पण जिवाची तगमग काही थांबेना. इकडे आड तिकडे विहीर. नाव ठेवावं तर दुकान जातं, दुकान ठेवावं तर शब्द जातो. त्याने उन्हातच दहा-बारा येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी आत जाऊन मामूंना म्हणाला, "खोडा ते. अबू जासिम आणि भागीदार लिहा."

पावणेबाराला सह्या झाल्या, शिक्का पडला. मामूंनी "मबरूक" म्हणून अभिनंदन केलं, पाठ थोपटली, पण त्याला काही गोड लागेना.

परतताना अबू जासिम गाडी चालवत होता. मग समोर बघतच तो म्हणाला, "मी ते नाव वाचलं. वाचलेलं आता परत कसं देणार?" बदल्यात त्याने एक नाव उच्चारलं, बाईचं, इतकं हळू की नसरुद्दीनला कान पुढे करावा लागला. "माझी आई. तिला माती दिल्यापासून हे नाव मी कोणापुढे घेतलं नव्हतं."

नसरुद्दीनचे डोळे भरून आले.

जुम्म्याची नमाज झाल्यावर तो नफिसाला पत्र लिहायला बसला. पाटीवर तुझं नाव नाही, मी शब्द मोडला, हे त्याने आडपडदा न ठेवता लिहिलं. गाडीतलं बोलणंही जसंच्या तसं लिहिलं. म्हातारीचं नाव मात्र लिहिलं नाही.