‘रेडी’ म्हणजे काय

गाडीला आवाज नाही, हे तुम्ही गावभर बोंबलून सांगितलंत. ज्यांच्या हातून ती बनते त्यांना मात्र ती चालू कधी आणि बंद कधी, हे धड सांगितलं नाहीत. आणि एका माणसाचा पाय चिरडल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे झालात. साहेबलोक, तुमच्या गुळगुळीत पत्रकात जे छापलं नाहीत, ते आता ऐका.

कारखान्यात त्याला सगळे रेडीभाऊ म्हणत. खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागतं, असं त्याचा साडू म्हणायचा. लाइनीच्या अगदी टोकाला त्याची जागा. दरवाजे उघडझाप करून बघायचे, इंजिन कानानं ऐकायचं, गाडी आवारात नेऊन रांगेत लावायची, किल्ली फिरवायची. इंजिन एक आचका देऊन गप्प झालं की उतरून टपावर थाप मारायची आणि ओरडायचं, “रेडी!” म्हणजे काम संपलं, गाडी बंद, आता हिच्या पुढ्यात खुशाल उभे राहा. त्या एका आरोळीच्या भरवशावर माणसं चाकाशी बसत, बंपरला टेकून काच पुसत. शब्द घरातही शिरला होता. स्वयंपाक उरकून गॅस बंद केला की बायको आतून “रेडी” म्हणे, आणि हा हात धुवायला उठे.

साडू आवारातच होता. गाड्या रांगेत लावून घ्यायचं काम. आवाज असा की पत्रे थरथरावेत, म्हणून नाव पडलं भोंगा. त्याला या नोकरीला लावलं रेडीभाऊनंच. दोघी बहिणी एकाच गल्लीत, दोघे साडू एकाच बसला.

मग विजेची गाडी आली. सर्वसामान्यांची गाडी, असं तुम्ही भिंतीभर लिहिलंत. सर्वसामान्यांना परवडावी म्हणून जे जे तासता येईल ते तासलंत. गाडी चालू असताना दार उघडलं की किणकिणणारी घंटीही त्यात गेली. महागड्या गाडीत ती होती, हिच्यात नाही. शिकवायलाही फार वेळ दिला नाहीत. पाळी संपल्यावर गार खोलीत, मऊ खुर्च्यांवर बसवून पडद्यावर चित्रं दाखवलीत. रेडीभाऊ पेंगत होता. लपवायचं कशाला? अख्खी खोली पेंगत होती.

गाडी बाजारात आणायची तारीख तुम्ही आधी जाहीर केलीत आणि माणसांचा हिशेब नंतर केलात. एका पाळीला दुसरी पाळी जोडली गेली. घरी जाऊन बूट काढायचाही कंटाळा यावा, असे ते दिवस. नव्या गाड्या आवारात न्यायला वेगळी शिकवलेली माणसं होती. त्यातली दोघं तापानं आडवी झाली, तेव्हा सुपरवायझर रेडीभाऊला म्हणाला, जन्मभर हेच केलंत की भाऊ, तुम्हीच न्या.

नेली. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. रांगेच्या शेवटी येऊन त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. ना थरथर, ना घरघर. स्टिअरिंगच्या मागे हिरव्या अक्षरांत शब्द होता: रेडी. डोक्याला विचारायची गरजच पडली नाही, अंगानंच ठरवून टाकलं. तो उतरला, टपावर थाप मारली आणि आरोळी ठोकली.

पुढचं चाक जमिनीतल्या उंचवट्याला अडलं होतं, म्हणून गाडी क्षणभर जागीच राहिली. आरोळी ऐकून भोंग्यानं निर्धास्त पाठ केली आणि पुढच्या गाडीचे आरसे मिटायला लागला. मागून येणारी गाडी त्याला नेहमी कानानं कळायची. ही मांजरासारखी आली. दोन बंपरांच्या मध्ये त्याचा पाय सापडला, आणि त्या दिवशी त्याचा आवाज गेटबाहेर ऐकू गेला.

दवाखान्यात रेडीभाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, कारण बसायला कुणी सांगितलं नाही. भोंगा म्हणाला, “साडूबुवा, मी जन्मभर बोंबललो, आणि मला उडवायला तुम्ही मुकी गाडी धाडलीत होय.” दोघेही हसले नाहीत. मग तो हळू म्हणाला, “गाडीचं सोडा. तुम्ही रेडी म्हणालात म्हणून मी पाठ केली. का म्हणालात?”

मेहुणी खिडकीकडे तोंड करून उभी होती. एरवी भावोजी, भावोजी करून ती डोकं खायची. परतताना बायको म्हणाली की तिनं मलाच विचारलं, भावोजींना दिसत नव्हतं का? मी काय सांगू?

चौकशीच्या आदल्या दिवशी तुमच्यातल्याच एका साहेबानं त्याला बाजूला घेतलं. निष्काळजीपणा झाला म्हणा, समज देऊन सोडू, नोकरी राहील. गाडी बाजारात जातेय, उगाच बभ्रा नको. बायकोनंही तेच सांगितलं. म्हणून टाका आणि घरी या. या वयात नवं दार ठोठावायचं त्राण आपल्यात उरलंय का? तिचं खोटं नव्हतं. तो म्हणून टाकायच्या तयारीनंच आत गेला.

टेबलापलीकडे तिघे साहेब. काय झालं ते थोडक्यात सांगा, म्हणाले.

“गाडी रेडी होती, म्हणून उतरलो.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्याचा चेहरा सैल झाला. “म्हणजे गाडी चालू आहे, हे तुम्हाला माहीत होतं.”

“चालू कशी असेल साहेब? रेडी होती.”

“तेच म्हणतोय. रेडी म्हणजेच चालू. ब्रेकवरून पाय उचलला की निघणार.”

भोंग्याच्या प्रश्नाचं उत्तर रेडीभाऊला आत्ता, या खोलीत मिळालं. मधला साहेब मायेनं म्हणाला, थकवा असतो, होतं असं, निष्काळजीपणा एवढंच लिहू, तुम्ही निघा. निघण्याइतकं त्याला जगात दुसरं काही नको होतं. पाय ठणकत होते. घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं होतं. पण उद्या मेहुणीच्या दारात जाऊन काय सांगायचं? निष्काळजी होतो, हे?

तो उठला नाही.

“मी पेंगत होतो, ते लिहा,” तो म्हणाला. “गाडी बंद करायचं बटण न दाबता उतरलो, तेही लिहा. पण तो शब्द आमचा आहे साहेब. तुमच्या खिडकीखाली मी रोज ओरडत आलो. इथं रेडी म्हणजे बंद. तोच शब्द चालू गाडीवर लावताना आमच्यातल्या एकाला तरी विचारलंत का?”

हा चौकशीचा विषय नाही, असं उत्तर आलं. खिडकीखाली त्याच गाड्या ट्रकवर चढत होत्या. प्रत्येकीत तोच हिरवा शब्द, आणि पुढे त्या कुणाच्या दारात, कुणाच्या पाठीमागे उभ्या राहणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी घड्याळ पाहिलं. रेडीभाऊनं टोपी मांडीवर ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकली.

नोकरी काढून घ्यायची तर घ्या. पण तो विचारतोय तेवढं आधी सांगा. विचारलं होतंत का? हो की नाही?