दारापासून दारापर्यंत

"उसवली बघ. एकाच प्रवासात. म्हणे खास मानेसाठी बनवलेली," दादा तिच्या डोक्यावरून पुटपुटला आणि ती मानेची उशी – करडी, चंद्रकोरीसारखी, एका कडेने पांढरा भुगा ओकणारी – तिच्या मांडीवर पडली. टाकली नाही हो, पडली. टाकायलाही थोडी मेहनत लागते.

आईच्या खाटेशी बसून तिने सुई ओवली. परतीचं विमान परवाचं, म्हणजे परवापर्यंत मान शिवून झाली पाहिजे... मान कसली, उशी. बारा हजार किलोमीटर. तो आल्यापासून आठवडाभर हा आकडा घरात पाहुण्यासारखा राहतोय. शेजारणीने नुसतं विचारावं, किती तास लागतात हो, की दादाची पाठ ताठ. दोन विमानं, मधे सहा तास नुसतं बसून, दारापासून दारापर्यंत सव्वीस. जणू सगळं अंतर यानेच पंख मारून कापलं, वैमानिक आपला शोभेला. आणि एवढ्या लांबून आलेला हा माणूस आईचं अंथरूण बदलायची वेळ झाली की शेवटच्या चार पावलांना दमतो, बाल्कनीत जाऊन आभाळ बघत उभा राहतो.

डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. तिने फोन केला तेव्हा दादाने पहिलं काय विचारलं, तर – "नक्की ना?" जणू आईचंही तिकीट निघालंय आणि फक्त वेळ कळायची आहे. मग आला, बूट काढले, आणि त्याच सकाळी आईने डोळे उघडून चहा मागितला. तेव्हापासून सुधारतेच आहे. काल तर साखर कमी म्हणून कप परत पाठवला. घर कसं आनंदात हवं होतं. त्याऐवजी सगळे असे... वक्त्याने भाषण लांबवल्यावर लोक बसतात ना, तसे.

पलीकडच्या खोलीत तो फोनवर वहिनीशी कुजबुजत होता. "अगं, तारीख पुढे ढकलता येते, पण किती पुढे, ते कुणीतरी सांगायला नको का?"

कोण सांगणार रे, दादा? मी सांगू? माझीही औषधाच्या दुकानातली रजा संपत... छे. माझं वेगळं आहे. इतकी वर्षं मी इथे आहे, माझं अगदीच वेगळं आहे – तिने टाका ओढला, तो इतका घट्ट की दोरा तुटला.

दादा आत आला, आईच्या औषधांच्या बाटल्यांशी उगाच चाळा करत. "चिमे, झाली का गं?"

"होतेय. मान तुझी, घाई माझी."

आई जागीच होती. "काय रे, सव्वीस तास ना?"

"हो आई. सगळं धरून."

"मग जा तू परवा. मी काही या खेपेला मरत नाही. आणि मरेन तेव्हा सव्वीस तास ठेवू नका मला. हिने उरकून टाकावं."

"आई, काहीतरीच काय," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं, सवयीने.

"तूही पुरे," आई छताकडे बघत म्हणाली. "दोघंही वाट बघताय. हा घड्याळाकडे बघून, तू पदर खोचून. मला काय कळत नाही?"

तिचे हात थांबले. दादाने मान खाली घातली होती, कान लाल झालेले, लहानपणी मार बसायच्या आधी व्हायचे तसे. आणि आपलेही आत्ता तसेच झाले असणार, असं तिला वाटलं. आठवडाभर रोज परजून ठेवलेला तिटकारा तिने मनातल्या मनात चाचपला... होता, तेवढाच होता. फक्त तो कुणाच्या अंगावर टाकायचा, हे आता तिला कळेना.