मेल्या कोकराचा अंगरखा

वसंत आला होता तो नुसता कॅलेंडरवर. बाहेर आठवडाभर चिवट पाऊस लागला होता, आणि मेंढ्या नेमक्या याच दिवसांत वीत होत्या. ओल्या थंडीत कोकरं टिकत नाहीत. लोकर भिजली की ऊब जाते, आणि ऊब गेली की कोकरू दूध ओढायचंच विसरतं.

त्या सकाळी दोन मरणं झाली. लंगड्या मेंढीने कोकराला जन्म दिला आणि मान टाकली. काळतोंडी मेंढीचं कालच जन्मलेलं कोकरू चिखलात गारठून गेलं. म्हणजे एका कोकराला आई उरली नव्हती आणि एका आईला कोकरू.

"मग हे तिला देऊन टाकू ना," ठकी म्हणाली. पोरकं कोकरू तिने फ्रॉकच्या घोळात पोटाशी धरलं होतं. बाटलीतलं दूध ते जिभेने बाहेर ढकलत होतं.

"काहीही टाकायला ती काय बाजाराची पिशवी आहे?" आत्या म्हणाली. "मेंढी आपलं लेकरू नाकाने ओळखते. परकं आलं की धडक देते. याला तिच्या लेकराचा वास द्यावा लागेल."

तो कसा, हे आत्याने सरळ सांगितलं. मुलांपासून ती असलं काही लपवत नसे. मेलेल्या कोकराचं कातडं अलगद सोडवायचं, पायांना भोकं ठेवायची, आणि जिवंत कोकराला ते अंगरख्यासारखं चढवायचं.

बाबा दारात बूट झटकत होते. "तुझी आत्या शिंपीणच व्हायची, चुकून मेंढ्यांत आली. मापं घेतलीस का गं?"

"दादा, तोंड चालवण्यापेक्षा सुरीला धार लाव."

ठकीला हसू आलं नाही. पण तिने मान फिरवली नाही, सगळं पाहिलं.

कातडं निघालं. उरलेलं बाबांनी चुना टाकून पुरलं. तेवढ्यात पलीकडे एक मेंढी अडली, आणि दोघं तिकडे धावले. "हे सांभाळ, आलेच मी," आत्या जाता जाता म्हणाली.

ठकी त्या कातड्याकडे बघत बसली. रक्त, शेण, चिखल. आणि हे गारढोण लक्तर काकडणाऱ्या जिवाला घालायचं? तिने स्वयंपाकघरातून ऊन पाणी आणलं, साबण आणला. कातडं चोळून चोळून धुतलं, पिळलं आणि चुलीच्या उबेला धरलं.

"बघ आत्या, कसं स्वच्छ केलंय!"

आत्याने ते नाकाशी नेलं. मग ती हळूच पेंढ्यावर बसली.

"साबण लावलास?"

"हो. चांगला फेस काढला."

 तरीही आत्याने ते कोकराला चढवलं आणि काळतोंडीपुढे उभं केलं. काळतोंडीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, दोन पावलं मागे घेतली आणि डोकं खाली घालून अशी धडक दिली, की कोकरू फळीवर आपटलं. आत्याने तिला गुडघ्याने भिंतीशी दाबून कोकराच्या तोंडात सड दिला. ते दोन घोट प्यायलं. आत्याची पकड जरा सैल झाली, आणि काळतोंडीने पुन्हा तेच केलं. या वेळी कोकरू उठलं नाही.

दुपार कलायच्या आत ते ठकीच्या मांडीवरच गेलं.

"माझ्यामुळे ना?"

"हो," आत्या म्हणाली. "वास धुतला गेला. धुऊ नकोस असं मी बजावलं नाही, तेही खरंच. पण तुझा काही दोष नाही असं म्हणाले, तर उद्या तू शिकणार काय?"

 काळतोंडी ओरडत होती. तिची कास दगडासारखी ताठली होती.

"हिला काय होतंय?"

"दूध आहे, पिणारं नाही. मोकळं केलं नाही तर कास सुजेल, आणि हीसुद्धा हातची जाईल. ये, बस इथे."

आत्याने काळतोंडीचं डोकं धरून ठेवलं. ठकीने गुडघे टेकले. पहिल्यांदा काहीच आलं नाही, नुसती लाथ बसली.

"ओढू नकोस. वर अंगठा धर आणि दाबत खाली ये."

घट्ट पिवळसर धार बादलीत पडली. मग दुसरी. काळतोंडी दाराकडे मान वळवून हाका मारतच होती, आणि ठकीला समोरचं काही दिसेनासं झालं.

"रड," आत्या म्हणाली, "पण हात थांबवू नकोस."

दुसरा सड अजून तसाच टम्म होता.