झाडावरची डबी

पाईनच्या बुंध्यावरची डबी तिसऱ्यांदा ठणाणली, तशी कॅरिसने आधी तंबूकडे पाहिलं. दीड वर्षाची ब्रिन आत्ता कुठे झोपली होती.

"ही डबी सकाळी स्टोव्हवर भाजलेल्या बेकनचा धूर अजून विसरली नाही वाटतं," तिचा नवरा डोरियन खुर्चीतून म्हणाला.

ओकानागनच्या जंगलातल्या या कँपवर यंदा प्रत्येक जागेला धूर हुंगणारा सेन्सर लावला होता. आवाज झाला की कँप सांभाळणारी वर्ना आपल्या ट्रेलरमधून यायची. आताही आली, फावडं टेकत, आणि खिशातून प्लास्टिकची शॉवर कॅप काढली.

"ही चढव डबीवर, पोरी. सगळे तेच करतात. किती वेळा धावू मी?"

"आणि खरंच काही असलं तर?"

"हिला चंद्रावरसुद्धा धूर दिसतो!" डोरियन हसला. "अगं, रात्री शेकोटीच्या निखाऱ्यांवर मी वीतभर माती लोटलीय. आमचे बाबा चाळीस वर्षं असंच विझवायचे."

ब्रिन कुरकुरली. कॅरिसने स्वतःच्या हाताने कॅप चढवली. डबी गप्प झाली.

वीसेक मिनिटांनी तिने तंबूच्या सावलीत ठेवलेली दुधाची बाटली उचलली. दूध गरम होतं.

क्षणभर तिला काही कळेचना. मग तिने वाळक्या पाईनपानांवर तळवा टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटकाच होता तो.

तंबूची चेन तिने उघडली की फाडली, तिला पुढे आठवलं नाही. ब्रिनला पांघरुणासकट उचलून ती रस्त्यावरच्या खडीवर जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे तिच्या तोंडून आवाज फुटला. "डोरियन! खाली! खाली पेटलंय!"

ओरडा ऐकून धावत आलेल्या वर्नाने तंबू बाजूला ओढून फावडं मारलं. मनगटाएवढं मूळ, आतून लालबुंद. ते शेकोटीच्या खड्ड्यातूनच आलं होतं. रात्रभर आग त्यातून सरकत आली होती, एकही ज्वाळा न दाखवता.

"पाणी आण, बघत काय बसलास!" वर्ना डोरियनवर ओरडली. "माती नको! पाणी!" बादल्या ओतल्या तशी जमीन फसफसली. तिने अग्निशमनवाल्यांना फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि वर्नाने फोन कानापासून दूर धरला.

"विचारतायत, सेन्सरने कधी सांगितलं."

डोरियनने हातातली बादली खाली ठेवली.

"वीस मिनिटांपूर्वी," कॅरिस म्हणाली. "त्याआधीही दोनदा. सांगा त्यांना, मीच गप्प केलं."

ब्रिन खाली उतरायला पाय झाडत होती. कॅरिसने तिला आणखी घट्ट धरलं.