तिसऱ्या मजल्यावर ऐकू येणारा पंप

सहकार हा मानवी संस्कृतीचा कळस आहे, असे मुलुंडच्या 'स्नेहवर्धिनी' सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर करंदीकर मनापासून मानत. अडचण एवढीच, की त्या कळसाखाली माणसे राहत.

त्यांतले तिसऱ्या मजल्यावरचे विद्याधर नेने दर रविवारी तक्रार घेऊन येत. "रात्रभर पाण्याचा पंप चालू असतो हो. सूं… सूं… सूं… डोळ्याला डोळा लागत नाही."

"रात्री पंप बंद असतो, नेने. खोलीची किल्ली माझ्या उशाखाली असते."

"मग मला काय स्वप्नं पडतात?"

पंच्याऐंशी सालच्या वार्षिक सभेत नेन्यांनी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा श्यामसुंदर वैतागून म्हणाले, "अहो, पंप तुमच्या डोक्यात आहे!" सभा खदखदून हसली. नेने उत्तर द्यायला उठले, कपाळ दाबून धरले आणि सतरंजीवरच कोसळले. आठवड्याभरात इस्पितळात वारले.

श्यामसुंदरांनी टोचून बोलून माणूस मारला, यावर इमारतीचे एकमत झाले. सोसायटीच्या इतिहासातले पहिलेच. जिन्यात ते दिसले की लोक अंग चोरून वाट देऊ लागले.

शेवटी ते नेन्यांच्या डॉक्टरांनाच जाऊन भेटले. डॉक्टरांनी नेन्यांच्या मेंदूची फिल्म उजेडासमोर धरली. "हा गुंता जन्मापासूनचा. शुद्ध रक्ताच्या नळ्या थेट अशुद्ध रक्ताच्या नळ्यांना जोडलेल्या, मधली बारीक जाळीच नाही. क्वचित कुणाला असतं. झोपेतसुद्धा फुटला असता." मग सहज विचारले, "कानात आवाज येतो म्हणायचे का? नाडीच्या ठेक्यात, सूं सूं?"

श्यामसुंदर निर्दोष सुटले होते. तसेच उठून ते नेन्यांकडे गेले. शुभावहिनींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तुमच्या बोलण्यानं गेले नाहीत, पटलं. पण भावोजी, हे इतकं सांगत होते, तर एकदा रात्री वर येऊन ऐकायचं होतंत ना! तुम्हाला ऐकू येत नाही म्हटल्यावर तेव्हाच डॉक्टर गाठला असता."

"तुम्हाला यायचा आवाज?"

"छे. मी सांगायचे, भास होतो तुम्हाला. पण मी पडले बायको. सेक्रेटरींचं ऐकलं असतं त्यांनी."

उत्तर सुचले नाही की सेक्रेटरी ठराव मांडतो. कैलासवासी नेन्यांच्या स्मरणार्थ नवा पंप बसवावा, असा ठराव श्यामसुंदरांनी मांडला आणि तो मंजूर झाला. शुभावहिनींच्या हस्ते नारळ फोडला.

नवा पंप मोठा आहे. त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.